टाच न लावता

आमच्या क्लबाच्या मागच्या भिंतीला कुणीतरी हात लावून बघतंय, हे सगळ्यात आधी क्लेमच्या लक्षात आलं.

"हात लावून म्हणजे?" मी विचारलं.

"थोपटून, गं मर्ल. घोडा विकत घ्यायला आल्यासारखी. आधी थोपटते, मग लाथ मारून बघते, मग मान हलवते."

क्लेम हॅनरहन हा कोरिंबा बोलिंग क्लबाचा अध्यक्ष आणि मी चिटणीस. पांढरे कपडे घालून हिरवळीवर गोळे घरंगळवत न्यायचे, हा आमचा खेळ. हिरवळीवर टाचेची खूण उमटता कामा नये, हा पहिला नियम. बाकीचे नियम कुणाला आठवत नाहीत. मागे लग्नाचे फोटो काढायला एक नवरी आली होती, तिलासुद्धा क्लेमने अनवाणी करून सोडलं.

भिंत थोपटणारी बाई म्हणजे ताविता. मूळची सामोआची, पण गेली वीस वर्षं आमच्याच उपनगरात. बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी पार्कूर शिकवते. म्हणजे भिंती, कठडे, जिने, जे आडवं येईल त्याच्यावरून उड्या मारत पुढं जायचं. तरणी मंडळी उड्या मारायची तोवर आम्ही नुसते नाकं मुरडत होतो. पण ऑगस्टमध्ये घरोघरच्या पत्रपेटीत कागद आला: 'साठीच्या पुढच्यांसाठी. दर मंगळवारी सकाळी दहाला. पडायला शिका. फुकट.'

"फुकट!" क्लेम म्हणाला. "आणि शिकवणार काय, तर पडायला! ते मी न शिकताच करत आलोय."

मग ताविता स्वतःच कागद घेऊन क्लबात आली. नगरपालिकेने तिला सांगितलं होतं, भिंतीच्या मालकाची सही आणा, नाहीतर वर्ग बंद. भिंत आमची.

"काका, शुक्रवारपर्यंतच मुदत आहे," ती क्लेमला म्हणाली. "सही नाही मिळाली तर संपलं. बारा आजी-आजोबा येतात हो माझ्याकडे. त्यांना दुसरीकडे कुठं नेऊ?"

"पहिली गोष्ट, मी तुझा काका नाही," क्लेम म्हणाला. "दुसरी, समिती बघेल."

समिती म्हणजे तो आणि मी.

आम्ही बघायला लागलो, आणि जितकं बघावं तितकं काळंबेरं दिसायला लागलं. एक तर ही माणसं आल्याबरोबर झाडू काढून भिंतीखालच्या काचा झाडायची. दुसऱ्याचं अंगण कुणी फुकट झाडतं का? नंतर एकामागे एक पाऊल जोडत जमीन मोजायची आणि भिंतीवर खडूने आकडे लिहायची. आणि इकडे आमच्या कपाटातला खडूचा डबा रिकामा होत चालला होता! आमचा खडू गोळ्यांवर खूण करायला लागतो. मोजून ठेवलेला असतो.

"घरं हेरतायत," क्लेमने निकाल दिला. "आकडे म्हणजे खुणा. आता घरांवरही! थेल्माच्या कठड्यावर पाच लिहिलंय. तुझ्या भिंतीवर तीन."

"थेल्माकडे पाच आणि माझ्याकडे तीनच?" मला जरा लागलंच ते. माझ्याकडचा टीव्ही तिच्यापेक्षा मोठा आहे.

थेल्मा म्हणजे आमची सगळ्यात जुनी सदस्य, वय शहात्तर. तिचंही काहीतरी बिनसलं होतं. दर मंगळवारी 'दाताच्या डॉक्टरकडे' जायची आणि गुडघे खरचटून परत यायची.

"कुठला डॉक्टर हा?" क्लेम म्हणाला. "मंगळवारी पुरावाच गोळा करू."

मंगळवारी साडेनऊला आम्ही हिरवळीच्या कडेच्या अवजारांच्या शेडला शिडी लावली. वरून मागची भिंत थेट दिसते. सप्टेंबर महिना, म्हणजे आमच्याकडचा वसंत, मॅग्पाय पक्ष्यांची अंडी घालायची वेळ, म्हणजे डोक्यावर झडप ठरलेली. म्हणून क्लेमने आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर उपडा बांधला होता आणि आपण बघतोय असं पक्ष्याला वाटावं म्हणून मागच्या बाजूला दोन डोळे काढले होते. डोळे जरा तिरळे आले होते. गळ्यात दुर्बीण घालून तो छपरावर चढला, मी खाली शिडी धरून उभी.

"काय दिसतंय?"

"झाडतायत. परत झाडतायत! मर्ल, लिहून घे."

लिहून घ्यायला मी शिडी सोडली आणि तेवढ्यात मॅग्पाय माझ्यावर आला. माझ्या डोक्यावर डबा नव्हता. मी पळाले ती शिडीत अडकून, तिला घेऊनच. शिडी नळावर आपटली आणि तिचे मधोमध दोन तुकडे झाले.

"काही झालं नाही ना?" वरून क्लेमचा आवाज.

"मला नाही," मी म्हटलं. "तुझं सांगता येत नाही."

मॅग्पाय आता त्याच्याकडे वळला. तिरळ्या डोळ्यांना तो काही घाबरला नाही, उलट जास्तच चिडला. क्लेम छपरावर हातवारे करत ओरडत होता.

"अग्निशमनवाल्यांना बोलावू?"

"खबरदार! ते लोक बूट घालून हिरवळीवर येतील!"

आरडाओरडा ऐकून ताविताचा सगळा वर्ग धावत आला आणि सगळ्यात पुढे दाताच्या डॉक्टरकडे गेलेली थेल्मा. हातात खडू. आमचा.

"थेल्मा!" मी म्हणाले.

"मर्ल!" ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मीटिंग घेतली असती."

ताविताने वर बघितलं. हसली नाही, हे मी कबूल करते. तिने शेडची भिंत थोपटली, पन्हाळ हलवून बघितली, मान हलवली.

"काका, पन्हाळ गंजलीय. तिला धरू नका. पोटावर पडा, छपराची लाकडी कड धरा आणि लोंबकळा. पाय जमिनीपासून हातभरच राहतील."

"पन्हाळ मी स्वतः बसवलीय!"

"म्हणूनच म्हणतेय ती," थेल्मा म्हणाली.

"आणि मी खाली उडी मारणार नाही. हिरवळीला खड्डा पडेल."

"नाही पडत," ताविता म्हणाली. "चवड्यांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे, लगेच खांद्यावरून लोळायचं. टाच टेकवायचीच नाही. आमचा पहिला नियम आहे तो."

क्लेमने छपराच्या कडेवरून डोकं बाहेर काढलं. डब्यावर मॅग्पायची चोच टकटक वाजत होती.

"टाच टेकवायची नाही?" क्लेमने विचारलं.

"अजिबात नाही."

"तुमच्यात सगळ्यांना?"

"टेकवली की मी ओरडते त्यांच्यावर."

"ओरडते," थेल्मा म्हणाली. "फार ओरडते."

मग तो पोटावर पडला, पाय खाली सोडले आणि अर्थातच पन्हाळ धरली. पन्हाळ तुटली. "लोळ, क्लेम, लोळ!" थेल्मा किंचाळली आणि आमचा अध्यक्ष चवड्यांवर टेकला, वाकला, डब्यासकट कोलांटी खाऊन हिरवळीवर बसला. कुबट वासाचं पन्हाळीतलं पाणी त्याच्यावर सांडलं. बाराही म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरवळीवर पाय ठेवण्याआधी ताविताने सगळ्यांना बूट काढायला लावले होते, हे क्लेमने पडल्या पडल्या बघितलं.

तो उठला तो थेट गुडघ्यांवर, खिशातली मोजायची टेप काढून. दहा मिनिटं हिरवळ तपासली. पायांची खूण नव्हती. एकच खळगा सापडला, डब्याच्या कडेचा.

"कागद आण," तो मला म्हणाला.

तिथंच, ताविताच्या पाठीवर कागद ठेवून त्याने सही केली. वर अट लिहिली: खडू आपला आपण आणायचा.

"थँक यू, काका."

"हं," तो म्हणाला. या वेळी त्याने नातं नाकारलं नाही, हे मी टिपून ठेवलं. इतिवृत्तात मात्र त्याने मला 'अध्यक्षांनी हिरवळीची जवळून पाहणी केली' एवढंच लिहायला लावलं.

आकड्यांचं म्हणाल तर ती बुटांची मापं निघाली. ठरलेल्या रेघेपासून भिंतीपर्यंत किती बूट, तेवढी उडी. घराघरावर थेल्माच लिहीत सुटली होती, सराव म्हणून. ताविताने तिला ओरडून ते पुसायला लावलं.

माझा विश्वास बसलाय असं नाही. तीन पुसायच्या आधी मी माझा बूट लावून स्वतः मोजून बघितलं, तर साडेतीन भरलं. म्हणजे मोजमापातच गडबड आहे. येत्या मंगळवारी दहाला जाऊन मी हे त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. सपाट बूट घालून.