बनुबाईचे गोंदण

देवळाली प्रवरेच्या बाजारपेठेत बिभीषणचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्याची ख्याती लग्नांच्या अल्बमांसाठी नव्हती, गेलेल्या माणसांच्या तसबिरींसाठी होती. कुणाच्या घरी माणूस गेले की दहाव्याच्या आत नातलग त्याच्याकडे येत. हातात एखादा कोपरा दुमडलेला फोटो असे. त्यातला चेहरा उचलून बिभीषण फ्रेममध्ये असा बसवी की पाहणाऱ्याला माणूस समोर बसल्यासारखे वाटावे. हे सारे तो एकाच जुन्या प्रोग्रामवर करी. तो बनवणाऱ्या कंपनीने आता तो बंद करायचे ठरवले होते. महिना संपला की प्रोग्राम उघडणार नाही, अशी सूचना रोज सकाळी पडद्यावर येई, आणि बिभीषण ती मिटून कामाला लागे.

लोक त्याला आळशी ठरवून मोकळे होत. ते खोटे होते. नवे शिकण्याचे त्याला वावडे नव्हते. त्याची धास्ती निराळी होती. हयात माणसाचा फोटो बिघडला तर तो माणूस येऊन भांडतो. गेलेल्याचा बिघडला तर भांडायला कोण येणार? चुकीचा चेहरा निमूट भिंतीवर चढतो, आणि नातवंडे त्यालाच नमस्कार करीत मोठी होतात.

मुलगी राजनंदिनीने दोन पर्याय संगणकात घालून दिले होते. एक सगळे आपणहून करणारा. दुसरा फुकट, पण इतका किचकट की बिभीषणने एकदाच उघडून तो मिटला होता.

दुपारी छबूबाई आली. तिची धाकटी बहीण बनुबाई वारली होती. नातीच्या लग्नातल्या घोळक्याच्या फोटोत बनुबाईचा नखाएवढा चेहरा तेवढा उरला होता.

"पप्पा, हाच करून बघा ना नव्यावर," राजनंदिनी म्हणाली. "कधीतरी सुरुवात करायचीच आहे."

बिभीषणने आपणहून करणारा प्रोग्राम उघडून बटण दाबले. धूसर चेहरा बघता बघता स्वच्छ झाला. सुरकुत्या मऊ पडल्या, डोळे चमकले. छबूबाईने पदर तोंडाला लावला.

"व्हय, बनूच हाय," ती म्हणाली, आणि मग थबकली. "पर बिभीषणा, ही अशी का बघती? वळखीचं न्हाई काई."

बिभीषणने पडद्यावरून नजर काढून तिच्याकडे पाहिले. छबूबाईच्या हनुवटीवर हिरवट तीन टिंबे होती. मूळ फोटोत बनुबाईच्या हनुवटीवर, त्याच जागी, अंधूक छटा होती. नव्या प्रोग्रामने ती डाग समजून पुसून टाकली होती.

"दोघींनी येकाच दिशी गोंदून घेतलं हुतं," छबूबाई म्हणाली. "बनू लई रडली. आई म्हनली, रडू नगं, मेल्यावर अंगावरचं समदं काढून घेत्यात, ह्येच तेवढं संगं येतं. आन् तुमी त्येच काढून घेतलं?"

राजनंदिनी ओशाळली. "आजी, तुमचा फोटो काढते. तुमच्या गोंदणावरून त्यांचं बसवू."

छबूबाई कचरली, पण बहिणीसाठी बसली. फोटो संगणकात उतरला मात्र, आणि नव्या प्रोग्रामने तो आपणहून बनुबाईच्या शेजारी नेऊन ठेवला. त्या कप्प्याला बिभीषणने सकाळीच 'दिवंगत' असे नाव दिले होते. खाली अक्षरे उमटली. राजनंदिनीने ती भाबडेपणाने मोठ्याने वाचली, "ही एकच व्यक्ती दिसते. एकत्र करायचे?"

उत्तरासाठी दोनच चौकटी होत्या: 'होय' आणि 'नंतर विचारा'. 'नाही' कुठेच नव्हते.

"मला बी आजच घालवता व्हय रे?" छबूबाई हसली; पण तिचा हात आपल्याच हनुवटीकडे गेला होता आणि तिथेच राहिला होता.

'नंतर' या शब्दाची बिभीषणला अशी दहशत कधी वाटली नव्हती. कोणतीच चौकट न दाबता त्याने सरळ संगणक बंद केला. पुन्हा सुरू केल्यावर तो मुलीला म्हणाला, "आधी मावशींचा फोटो पूस. मग तो प्रोग्रामच काढून टाक."

जुना प्रोग्राम अजून उघडत होता; महिनाअखेर तो बंद पडेल, हे त्याने छबूबाईला सांगितले. समोर बसलेल्या छबूबाईकडे पाहत पाहत त्याने बनुबाईच्या हनुवटीवर एकेक टिंब हाताने उमटवले. हात इतका कापत होता की मधले टिंब किंचित खाली घसरले. तो ते वर सारू लागला.

"ऱ्हाऊ दे," छबूबाई म्हणाली. "तिचं तसंच हुतं. सुई टोचताना हलली हुती ती."

हे खरे, की त्याच्या कापऱ्या हाताची कीव, हे बिभीषणला कळेना; आणि विचारायला दुसरे कुणी उरले नव्हते.

तसबीर पदराखाली घेऊन ती दारात वळली. "ह्ये बंद पडल्यावर माझं कोन काढील?"

"दुसरा आहे, मावशी. हातानंच करायचा. पण शिकायला वेळ लागेल."

"शीक लेका. तवर थांबते मी."

ती रस्त्याला लागेपर्यंत तिच्या खोकल्याची ढास ऐकू येत होती. बिभीषणने घाईघाईने तो किचकट प्रोग्राम उघडला. ब्रश कुठे आहे, तेच त्याला सापडेना.