खापरं नेणारी गाडी

मी मंजुळाबाई. धरणगावपासून चार कोसांवर आमचं गाव. तिकडे दोंडाईचा आणि इकडे बोदवड, मधल्या टापूत कुणाच्या घरी लग्न निघालं की हॉल ठरवायच्या आधी माझी तारीख धरतात. हॉल दुसरा मिळतो. मांडे कुणाच्याही हातचे चालत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडा म्हणजे तव्यावरची पुरणपोळी नव्हे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत आणायचा, उपरण्यासारखा पातळ झाला की पेटत्या चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. खापर कुंभाराकडचं, मातीचं, घमेल्याहून मोठं. नवं खापर मांडा धरून ठेवतं, सोडत नाही. दोन हंगाम आग खाल्ली की मग ते शहाणं होतं. माझ्याकडे अशी सात शहाणी खापरं होती. घरात इतकी शहाणी माणसं नाहीत.

माघात दोंडाईच्याला लग्न होतं, दीड हजार पान. भाड्याची गाडी, भाड्याचा ड्रायव्हर, कानाला फोन. गतिरोधक आला तो त्याला दिसलाच नाही. मागून मला दोन आवाज ऐकू आले आणि माझ्या काळजाचे दोन तुकडे झाले. सातातली दोन खापरं गेली. पाचांवर काम रेटलं, पण पंगत उठत आली तेव्हा कुठे मांडे पोचले. नवरदेवाचा मामा हात धुता धुता म्हणाला, "आजी, पुढच्या लग्नापर्यंत तरी होतील ना?"

चाळीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. येताना मी बायांबरोबर एसटीत बसले, फुटके तुकडे मांडीवर घेऊन. माझ्या हाताखालच्या सहाही जणी घाबरल्या. मी ओरडले नाही की जास्त घाबरतात.

घरी आल्यावर नवलला, माझ्या मुलाला सांगितलं, "आता दुसऱ्याच्या गाडीत माझं खापर चढणार नाही. आखाजीला आपली गाडी दारात पाहिजे."

घाई उगाच नव्हती. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तिच्यानंतर दहाव्या दिवशी बोदवडचं लग्न होतं, नऊशे पान. लग्नघरच्या नानांचा फोन आला, "अक्का, या वेळी वेळेवर होईल ना?" म्हणजे दोंडाईच्याची बातमी रेल्वेने बोदवडला पोचली होती. नऊशे पानाला चार खापरं तरी लागतातच. बोदवडला पुन्हा फजिती झाली असती, तर माझ्या तारखा अमळनेरच्या सुगंधाबाईकडे गेल्या असत्या. तिचे मांडे मी खाल्ले आहेत. जास्त बोलत नाही.

गाडी घ्यायची तर कोणती, यावर घरात दोन पक्ष पडले. नवल म्हणे डिझेलची, दोन टनी, दणकट. "मांड्यांचे दिवस सोडून मी तिच्यात केळी भरीन, कांदा भरीन. ओढ पाहिजे, माय." सून दिपमाला म्हणे गॅसची. "डिझेलचा भाव पाहा तरी. गॅसवर निम्म्यात काम होतं." दोघं जेवताना भांडत. मी दोघांना वाढत होते आणि दोघांचं ऐकत नव्हते. म्हटलं, ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनाच विचारू.

गावाच्या फाट्यावर पिकपवाले उभे असतात. जीवरामकडे नवी डिझेलची पिकप. त्याला विचारलं. त्याने बोनेटवर हात असा फिरवला, जसा काही तिला तोच व्याला.

"अक्का, काय सांगू! दोन टन टाक, सातपुडाना घाट चढाव, ती हूं का चूं करत नही."

"पहाड चढस ते समजनं. तिनामा खापर ठेवं का कधी?"

"खापर?" त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. "अक्का, माणूस केळी भरस, सिमेंट भरस. खापर कोन भरस?"

शेजारी अभिमन उभा होता, त्याची गॅसची. तो म्हणाला, "अक्का, याना नांदे लागू नको. गॅसनी गाडी ले. आवाज नही, धूर नही, खर्च नही."

"आणि खापर?" मी विचारलं. त्यानेही जीवरामकडे पाहिलं.

"तुम्हीन दोन्ही सारखाच!" असं मी म्हणेपर्यंत तोही हसायला लागला होता. तिथे सहा मालक होते आणि सहांची गाडी खानदेशात एक नंबर. एकाच्याही गाडीत खोट नाही. नवऱ्यामुलाच्या बापाला मुलाबद्दल विचारावं तसं झालं. मग माझ्या ध्यानात आलं, की आपण चुकीच्या माणसांना विचारतोय. स्थळाची खरी चौकशी आपण कधी बापाकडे करतो का? शेजारच्या बाईकडे करतो.

जीवरामची बायको पुष्पाबाई आणि अभिमनची सुनिता, दोघी माझ्याच हाताखाली मांडे करतात. दुसऱ्या दिवशी गहू निवडायला बसल्या तेव्हा विषय काढला.

पुष्पाबाई म्हणाली, "गाडी दणकट शे, खोटं कशाले बोलू. पण त्या नव्या डिझेलना गाडीमा एक पिवळा दिवा ऱ्हास. धुराची जाळी चोंदनी का तो लागस. गावमान गावमा गाडी फिरनी का चोंदस. मंग मना मालक पारोळा जास."

"पारोळ्याला काय आहे?"

"काहीच नही! माल नही, सवारी नही. मोठा रस्तावर गाडी पळावनी का जाळी साफ व्हस. दिवा इझावाले जास आणि इझाई येस. वर ती गाडी युरियानं पाणी पेस."

"युरिया?" मी म्हटलं. "आम्ही कपाशीला टाकतो तो?"

"तसाच काही. तिले बी टाकना पडस. नही टाका ते रुसस."

सुनिता इतकी हसली की सूप कलंडलं. पुष्पाबाई म्हणाली, "हास हास. तुना मालक कथा शे आते?"

"पंपवर," सुनिता म्हणाली आणि पुन्हा हसली. "अक्का, खर्च कमी शे हे खरं शे. पण गॅसनी लाईन! सकाळे जास ते दुपारे नंबर लागस. मी डबा पंपवर धाडस. माले वाटस, रेशनकार्डमा पंपनाच पत्ता टाकना पडी."

एका सुपात गहू निवडून होईपर्यंत दोन्ही गाड्यांची कुंडली माझ्या पदरात पडली. फाट्यावर अर्धा दिवस उभी राहून एवढं कळलं नव्हतं. पण खापराचं काय, हे त्यांनाही सांगता येईना.

म्हणून मी ठरवलं, खापर घेऊनच जायचं. जळगावच्या शोरूमला नवल, दिपमाला आणि माझ्या सहाही बाया घेऊन गेले. काचेच्या दारातून आम्ही आत शिरलो तेव्हा टाय लावलेला विक्रीवाला साहेब उठून उभा राहिला. माझ्या कडेवर गोधडीत गुंडाळलेलं खापर. त्याला वाटलं नातू आहे. "बाळाला पंख्याखाली बसवा ना, मावशी," म्हणाला.

मी गोधडी उघडून दाखवली. तो बसलाच.

पाचातलं एक शहाणं खापर मी मुद्दाम आणलं होतं. दिपमाला म्हणत होती, "आत्या, फुटकं मडकं नेऊ." पण फुटक्या मडक्याने परीक्षा होत नाही. ज्याला गमावण्याची भीती आहे तेच ठेवावं लागतं, तरच आपण नीट बघतो.

आधी डिझेलची पिकप काढली. नवल चालवायला, साहेब शेजारी, मी त्यांच्या बाजूला, मागे रिकाम्या हौद्यात गोधडीवर खापर. शहराबाहेर खराब रस्ता लागला. नवलने हौसेने पाय दाबला. पहिल्या खड्ड्यात माझं डोकं छताला लागलं, दुसऱ्यात मागून आवाज आला. तो आवाज आता मला ओळखायला शिकवायला नको.

आता चार राहिली. बोदवडला चारच लागतात.

मी नवलला म्हटलं, "हीच का तुझी दणकट?" मग गॅसची काढायला लावली. ती जरा धाकटी, तिच्यात दिपमालाची स्टीलची पाण्याची कळशी ठेवली. ती खापरासारखी फुटली नाही, एवढंच. हौद्यात नाचत नाचत मागच्या फळीला जाऊन आपटली आणि अर्धी सांडली. दिपमालाचं तोंड उतरलं.

साहेब म्हणाला, "मावशी, आपण कारमध्ये बघू या का?"

"कारमध्ये चुलीची लाकडं तुम्ही धरून बसाल?" मी म्हटलं. राग इतका आला होता की त्या काचेच्या घरात थांबायला नको वाटलं. साहेबाला म्हटलं, "बसस्टँडवर सोडा. सगळ्यांना."

माणूस सज्जन. डिझेलचीच पिकप काढली, स्वतः चालवायला बसला. आम्ही सगळ्या मागे हौद्यात चढलो, नवल आणि दिपमालासकट. साहेब त्याच खराब रस्त्याने निघाला, कारण शहरातून नेलं तर पोलीस अडवेल. मी फळी घट्ट धरली, डोळे मिटले आणि खड्ड्याची वाट पाहत राहिले.

खड्डा आला. गाडी नुसती डोलली, पाळण्यासारखी. दुसरा आला, पुन्हा तेच. मी डोळे उघडले.

"थांबवा!" मी ओरडले. साहेबाला वाटलं कुणी पडलं. धावत मागे आला.

"ही आता का उडत नाही?"

तो आम्हा बायांकडे पाहून जरा लाजला. "मावशी, या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दोन टनांच्या ओझ्यासाठी आहेत. रिकामी असली की ताठ, उडते. ओझं बसलं की पाटे नरम होतात. आता..." पुढे त्याला बोलवेना.

"आता आम्ही बसलो आहोत," पुष्पाबाई म्हणाली. "सांगा की भाऊ, लाजता काय? एकटी मीच पाव टन आहे."

सगळ्या इतक्या हसल्या की गाडी उभ्या उभ्या डोलायला लागली. मी नाही हसले. माझ्या डोक्यात हिशेब जुळत होता. आजवर खापरांना लागू नये म्हणून आम्ही गाडी हलकी ठेवत आलो. बाया एसटीने, लाकडं लग्नघरची, गहू लग्नघरचा, डाळ लग्नघरची. खापरं तेवढी आपली, आणि ती बिचारी रिकाम्या गाडीत उडत जायची. चाळीस वर्षं! आणि ती लग्नघरची लाकडं तरी कशी, अर्धी ओली, धूर डोळ्यांत.

"नवल," मी म्हटलं, "बाभळीचं सुकं लाकूड आपलं आपण न्यायचं. तळाला लाकूड, त्यावर भुशाची पोती, भुशात खापरं, कडेला बाया. दणकट गाडीला दणकट ओझं."

नवल फुलला. "म्हणजे डिझेलची!"

दिपमाला म्हणाली, "आणि तो पिवळा दिवा? पारोळा?"

"आपली लग्नं गावातल्या गावात असतात का? दोंडाईचा काय, बोदवड काय, मोठ्या रस्त्याने तासन्‌तास पळायचं. दिवा लागायला वेळ कुठे आहे? गॅस स्वस्त आहे, तुझं खरं. पण नऊशे पान पंपावरच्या लायनीत थांबणार नाही."

तिने मान हलवली, पण पदर खोचला. पदर खोचला की ती माझ्यावरच गेली आहे असं मला वाटतं. "बरं. मग लग्नाच्या दिवशी मी चालवणार. यांनी पाय दाबला आणि खापर गेलं. मी ट्रॅक्टर चालवते, लायसन आहे, कधी काकडी मोडली का?"

नवलने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. म्हटलं, "दिपमाला चालवेल."

आखाजीला गाडी दारात आली. दिपमालाने रोज लाकडं भरून फाट्यापर्यंत नेली, आणली. जीवराम म्हणाला, "अक्का, लाकडं फिरावाले नेस का?" मी म्हटलं, "हो, त्यांना हवापालट सांगितलाय."

बोदवडला निघालो त्या पहाटे मी पुढे बसलेच नाही. मागे भुशाच्या पोत्यांवर बसले, चारही खापरांच्या मधोमध, दोनांवर हात, दोनांवर पाय. जळगाव गेलं, नशिराबाद गेलं. भुसावळच्या पुढे दीपनगरची धुराडी दिसली. खड्डा आला की दिपमाला आतून ओरडायची, "आत्या, धरा!" आणि गाडी डोलायची. बाया गाणी म्हणत होत्या. मी नाही. मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार.

बोदवडला उतरल्यावर एकेका खापराला बोटाने वाजवलं. पहिलं खणखणीत. दुसरं, तिसरं खणखणीत. चौथं बद्‌द वाजलं. मी खापराला कान लावला. सुनिताने आत हात घालून कुणीतरी कोंबलेली गोधडी बाहेर ओढली. पुन्हा वाजवलं. खणखणीत!

चुली पेटल्या. सुकी बाभूळ, धूर नाही. नऊला पहिला मांडा खापरावर पडला, साडेबाराला पंगत बसली आणि मांडे तिची वाट पाहत होते. पंगतीला पुरून टोपलीभर जास्तच. नाना स्वतः चुलीपाशी आले, मांड्याचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "अक्का, मार्गशीर्षात धाकटीचं आहे. तारीख धरून ठेवा."

"बघते," मी म्हटलं. लगेच हो म्हणायची आपली पद्धत नाही.

मग त्यांनी हाक मारली, "अरे, गाडीचा ड्रायव्हर कुठेय? त्याचा मान राहिला." ताटात टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन दोन माणसं गाडीभोवती फिरत होती, चाकाखाली वाकून बघत होती. दिपमाला माझ्या शेजारी मांडा झुलवत होती, कोपरापर्यंत पीठ.

"ही काय ड्रायव्हर," मी म्हटलं.

माणसं घोटाळली. एक म्हणाला, "मग... आतून साडी-पीस आणतो."

"साडी-पीस स्वयंपाकिणीचा मान आहे, तो वेगळा द्या," मी म्हटलं. "ड्रायव्हरला टोपी."

नानांनी हसत हसत स्वतःच्या हाताने पदरावरून पांढरी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. मांडवातल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. टोपी मोठी झाली, भुवयांपर्यंत आली. तिचे दोन्ही हात मांड्यात, सरकवायची कशी?

"आत्या, दिसत नाही मला," ती हसत म्हणाली.

मी टोपी मागे सरकवून दिली. "मांडा टाक आधी. खापर तापलंय."