कांद्याच्या सालींचा काढा

गयाबाईच्या घरी कांदा चिरला जाई तो सालींसाठी. आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या बाजारात भाजी विकणारी ही बाई एकटी राही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि एकुलती लेक हर्षाली हैदराबादला प्रयोगशाळेत कामाला होती. एकटी बाई कांदा खाऊन खाऊन किती खाणार? पण साली मात्र रोज उकळायच्या, गाळायच्या आणि तो तांबूस, तुरट काढा नाक दाबून प्यायचा.

सहा महिन्यांपूर्वी हर्षालीचा फोन आला होता, भलत्याच आनंदात. "आई, जमलं व! साखरेच्या बिमारीनं उंदरायचे डोळे खराब होतात ना, आमी त्यायले कांद्याच्या सालीतलं फ्लॅव्होनॉइड देल्लं. डोळ्याचा पडदा शाबूत राह्यला!"

गयाबाईला फ्लॅव्होनॉइड कळलं नाही, पडदा तेवढा कळला. तिला स्वतःला बारा वर्षांची साखर होती आणि उजव्या डोळ्यापुढे तेव्हाच काळे ठिपके नाचू लागले होते. डोळे तपासून घ्यायची दवाखान्याची चिठ्ठी तिनं डब्यात टाकली. लेकीच्या हाताला यश आलेलं असताना परक्या डॉक्टरपुढे कशाला बसायचं? शिवाय कळलं तर पोर हातचं काम सोडून धावत येईल, ही धास्ती. म्हणून बसली तोंडात मिठाची गुळणी धरून. शहाण्यांनाही चारचौघं टोकतात म्हणून ते शहाणे राहतात. हिला टोकायला घरात होतं कोण?

व्हिडिओ कॉलवरचा हर्षालीचा चेहरा महिन्यागणिक धुरकट होत गेला. "वाळली व तू," गयाबाई अंदाजानं म्हणे. लेक हसे. फोन बंद झाला की घर खायला उठे, मग ती धुतलेली गाळणी पुन्हा धूत बसे.

एका बाजारच्या दिवशी मात्र फजिती झाली. कोथिंबीर घेऊन गेलेल्या प्रतिभाबाई, तिथल्या शाळेतल्या मास्तरीणबाई, अर्ध्या तासात जुडी घेऊन परत आल्या. "गयाबाई, निम्मं गाजरगवत हाये की यात!" चाळीस वर्षं भाजी विकणारी बाई कोथिंबिरीत गाजरगवत बांधते म्हणजे काय! गयाबाईनं जुडी डोळ्यांशी नेली, फिरवून पाहिली, आणि भर बाजारात तिला रडू फुटलं.

प्रतिभाबाईंनीच तिला आदिलाबादला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं आणि हर्षालीला फोन केला. दुसऱ्या दिवशी लेक आली. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं: उजवा डोळा गेला. डावा लेझरनं वाचवू. सहा महिने आधी आल्या असत्या तर दोन्ही राहिले असते.

बाहेर बाकावर हर्षालीनं आईचा हात धरला. "काऊन नाई आली व तू आधी?"

"काढा घेऊन राह्यली होती ना. कांद्याच्या सालीचा."

लेकीचा हात एकदम गार पडला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आई, ते उंदरायवर होतं व. माणसाले अजून कोनं देऊन नाई पाह्यलं. तुले... तुले कोनं सांगतलं थे घ्याले?"

लेकीचा चेहरा गयाबाईला नीट दिसत नव्हता. पण तिला कशाची भीती वाटतेय ते कळत होतं. जन्मात कधी खोटं न बोललेली बाई क्षणभरही अडखळली नाही.

"निर्मल गावची एक बाई आलती बाजारात. तिनं सांगतलं."

हर्षालीनं रोखलेला श्वास सोडला. "असं कोनाचंबी आयकत नसतात, आई."

"नाई आयकत आता," गयाबाई म्हणाली.