दादांचं इंटरनेटवरचं पान

आधीच सांगते, म्हणजे कुणी मला शहाणी समजायला नको. मी जे केलं तो शुद्ध मूर्खपणा होता. आणि तो मी हौसेनं, निळी पार्श्वभूमी लावून, वर हलणारी फुलं चिकटवून केला होता.

नव्व्याण्णव सालचा जानेवारी. मी श्रीरामपुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. राहायला सोनईच्या बाजूला, एका साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. कारखान्याचं नाव सांगत नाही. एकदा सांगून पस्तावले आहे. माझे वडील सहादू, म्हणजे आमचे दादा, तिथे गेटवर वॉचमन होते.

क्लासचे सर दुपारी जेवायला घरी गेले की मला पाऊण तास इंटरनेट मिळायचं. मोडेम आधी कोंबडी धरल्यासारखा ओरडायचा. मग कधी लाइन लागायची, कधी नाही, आणि लागली की सरांची बायको नेमकी वरच्या मजल्यावरचा फोन उचलायची. पुन्हा पहिल्यापासून. फुकटात पान बनवू देणारी एक साइट मला सापडली होती. तिथं मी आठवड्याला एक पान लिहायचे. आता त्याला ब्लॉग म्हणतात. तेव्हा आई त्याला ‘भारतीचं टायपिंग’ म्हणायची. एसटीतली भांडणं, फ्लॉपी धुऊन आणणारा एक विद्यार्थी, हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी चिमणीची काजळी, असलं काहीबाही. पानाच्या तळाशी किती जणांनी बघितलं त्याचा आकडा दिसायचा. दोनशे बारा झाले तेव्हा मी स्वतःला चहा पाजला होता.

मराठी दिसायला एक ठरावीक फाँट लागायचा. तो मशीनवर नसला की मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. बाहेरचे वाचक तो माझ्या पानावरून उतरवून घ्यायचे. मी स्वतः त्याची फ्लॉपी कायम पर्समध्ये ठेवायचे. कुठल्या मशीनवर कधी बसायला मिळेल, काय सांगावं.

आता मूर्खपणा. इंटरनेट म्हणजे परदेश, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. वाचणारे न्यूजर्सीचे, मस्कतचे. आमच्या पंचक्रोशीत ते होतंच कुणाकडं? म्हणून जे मी शेजारणीच्या कानात सांगितलं नसतं, ते साऱ्या जगाला सांगून मोकळी झाले.

दादांना काचबिंदू होता. नगरच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही. उरली होती ती धुक्यातून बघावं एवढी. पण गेटवरून आत जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर ते आवाजावरून ओळखायचे. कुठल्या गावचा, कुणाचा, ट्रॉल्या भरलेल्या की रिकाम्या. नोंदवहीत लिहायचं काम त्यांचा जोडीदार बन्सी करायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. हे सगळं मी दिवाळीच्या आधीच लिहिलं होतं, बन्सीकाकांच्या नावासकट. आणि मथळा इंग्रजीतच द्यायचा असा त्या साइटचा नियम, म्हणून वर ठळक अक्षरांत कारखान्याचं पूर्ण नाव, खाली ‘वॉचमन सहादू’.

जूनमध्ये दादा निवृत्त होणार होते. पाच महिने राहिले होते. पण नजरेचं कळलं असतं तर त्याच दिवशी गेटच्या बाहेर. मागच्या हंगामात एका फिटरचं तसंच झालं. तपासणीत नापास, आठवड्यात क्वार्टर खाली. त्याची बायको दोन दिवस भांडी घेऊन रस्त्याकडेला बसली होती. आणि आमचं तर गावी घरही उरलं नव्हतं.

एका गुरुवारी दादा ड्यूटीवरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, “भारते, आप्पासायबांनी बलावलंय तुला उद्या. इंटरनेटवर आपल्या कारखान्याचं कायतरी निघालंय म्हनं. माझं बी नाव हाय त्यात.”

माझ्या हातातलं ताट भिंतीला लागून वाजलं. आप्पासाहेब म्हणजे लेबर ऑफिसर. ठेवायचं कुणाला, काढायचं कुणाला, सगळं त्यांच्या हातात.

“काय निघालंय?” मी विचारलं. विचारायची लाजसुद्धा वाटली नाही.

“मला काय ठावं? तुझं टायपिंग तुला म्हाईत.” दादा हसले. त्यांना अभिमान वाटत होता. ते बघून मला जास्तच भीती वाटली.

सकाळी मी क्लासला दांडी मारली. पान पुसून टाकायला श्रीरामपूर गाठायचं म्हटलं तर तीन तास गेले असते, आणि पुसून तरी काय, त्यांनी ते आधीच बघितलं होतं. मी दादांच्या मागून ऑफिसकडे निघाले. दादा फाटकापाशी आले की मोजून सहा पावलं टाकतात आणि मग वळतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बघणाऱ्याला कळेल का, एवढंच माझ्या मनात.

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, धुळीनं व्हायरस येतो अशी तिथली समजूत. एरवी मी हसले असते. मी गुपचूप चपला काढल्या. दादा दाराशी उभे राहिले. आत आप्पासाहेब खुर्चीवर, आणि मशीनसमोर ऊसनोंदणीचा कारकून कानिफनाथ.

“ये पोरी, बस,” आप्पासाहेब म्हणाले. “माझ्या भाच्यानं पुण्याहून फ्लॉपीत घालून पाठवलंय. त्यानं सहज कारखान्याचं नाव टाकलं, तर हे निघालं. तूच केलंयस ना?”

पडद्यावर माझी निळी पार्श्वभूमी होती. मथळा होता. दादांचं नाव होतं. आणि त्याखाली पानभर खिचडी. भाच्यानं नुसतं पान पाठवलं होतं, फाँट नाही.

माझ्या जिवात जीव आला, पण क्षणभरच.

“वाचता येईना काही,” आप्पासाहेब म्हणाले. “फाँट लागतो म्हणे. तुझ्याकडं असेल की.”

फ्लॉपी माझ्या पर्समध्ये होती. पर्स मांडीवर, आणि माझा हात पर्समध्ये. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. अर्ध्या मिनिटात आमचं घर गेलं असतं.

“क्लासमध्ये राहिला, साहेब,” मी म्हणाले.

“थांबा, आपल्याकडं पाट्यांसाठी एक मराठी फाँट हाय,” कानिफनाथ म्हणाला. “लावून बघतो.”

नको, असं मी म्हणणार कोणत्या तोंडानं? त्यानं सगळा मजकूर निवडला, यादी खाली ओढली, टिचकी मारली. आणि पडद्यावर मराठी उमटलं. काना, मात्रा, वेलांट्या, सगळं. थंडीचे दिवस होते आणि मला पाठीवरून घाम ओघळताना कळत होता. आप्पासाहेब पुढे वाकले. चष्मा लावला. दोन ओळी ओठ हलवत वाचायला बघितलं.

“हे काय मराठी हाय?” ते वैतागले. “ळझ, ठभे, ग्क. ह्याला काय बोध?”

फाँट वेगळा, त्याची अक्षरांची मांडणी वेगळी. तेव्हा प्रत्येक कंपनीचा फाँट दुसऱ्याला ओळख दाखवत नसे. त्या गोंधळाला मी क्लासमध्ये रोज शिव्या घालायचे. त्या दिवशी मनातल्या मनात त्याच्या पाया पडले.

“जाऊ द्या,” आप्पासाहेबांनी कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. “लिहिणारी समोर बसलीय, तूच सांग. कारखान्याला पंचवीस वर्षं होतायत, स्मरणिका काढतोय. साहेब लोकांची भाषणं हायतच, एका वॉचमनवरचं पान असलं तर बरं दिसंल. म्हण.”

मग मी सांगायला लागले. म्हणजे पडद्यावरच्या त्या ळझ ठभेकडे बघून खोटं बोलत गेले. “माझे वडील पंचवीस वर्षं या गेटवर उभे आहेत. पहाटेचा भोंगा होण्याआधी ते जागे होतात. त्यांच्या शिट्टीवर ट्रॅक्टरवाले घड्याळ लावतात.” जे सुचेल ते. मध्ये दुधाच्या गाडीला त्यांनी कशी वाट करून दिली ते घातलं, पावसात कुणाला छत्री दिली ते घातलं. माझी बोटं पर्समध्ये फ्लॉपीची ती पत्र्याची सरकपट्टी मागेपुढे करत होती. थांबवता येत नव्हती.

आप्पासाहेब लिहीत होते. अचानक पेन थांबलं.

“भोंग्यानंतर काय म्हणालीस? ते राहिलं माझं. परत सांग.”

मला आठवेना. मी पडद्याकडे बघितलं. कानिफनाथही बघत होता, आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं. स्वतः लिहिलेलं असतं तर परत सांगायला काय लागतं? संपलं, असं मला स्पष्ट वाटलं. ती भांडी घेऊन बसलेली बाई डोळ्यासमोर आली.

“त्यांच्या शिट्टीवर ट्रॅक्टरवाले घड्याळ लावतात,” दारातून आवाज आला.

दादा. पाठ केल्यासारखं म्हणाले, माझ्याच शब्दांत, माझ्याच चालीत. आणि थांबले नाहीत. दुधाची गाडी, छत्री, सगळं ओळीनं म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

“आरं सहादू, तुला पाठच हाय की,” आप्पासाहेब म्हणाले.

“रोज वाचून दावती ना सायेब ती मला,” दादा म्हणाले. “लई बारी आयकलंय म्या.”

मी त्यांना त्यातला एक शब्दही कधी वाचून दाखवला नव्हता.

आप्पासाहेबांनी कागदाची घडी घातली, चहा सांगितला, मला शाबासकी दिली. चहा मी कसा प्यायले देव जाणे. कानिफनाथ मला चपलांपर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, “तो फाँट सापडला तर आना, बाई. मला बी वाचायचंय.” हे साधं होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही. मी मान हलवली आणि निघाले.

क्वार्टरकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला आम्ही दोघंच होतो.

“फ्लॉपी पिशवीतच हाय ना?” दादांनी विचारलं. “मगाधरनं खटाखट वाजत हुती.”

मी रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. डोळ्यांचं लिहिलंय, डॉक्टरांचं लिहिलंय, बन्सीकाकांचं लिहिलंय, आवाजावरून ट्रॅक्टर ओळखता ते लिहिलंय. मला वाटलं होतं इथलं कुणी वाचणार नाही. मी चुकले, दादा.

त्यांनी माझा दंड धरून मला एकदम कडेला ओढलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग वळणावरून उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर आला आणि आमच्या अंगावर धूळ उडवत गेला.

“घोडेगावचा,” दादा म्हणाले. “बन्सीचं नाव आदी काड त्यातनं. त्यानं आपलं काय वाईट केलंय?”

“सगळंच पुसते आज.”

“सगळं कशाला? जूनपत्तुर झाकून ठेव.” थोडं चालून ते म्हणाले, “कोन वाचतं असलं?”

मी डोळे पुसले. मस्कतला एक जण आहेत, मी म्हणाले. त्यांचे वडीलही दिसेनासं झाल्यावर सहा वर्षं गिरणीत कामाला जात होते, घरात कुणाला कळू न देता. त्यांनी माझ्या पानाखाली लिहिलंय. “तुम्हाला नमस्कार सांगितलाय, दादा. तीन महिने झाले. मला तो सांगता येत नव्हता.”

दादा रस्त्यातच उभे राहिले. मस्कत कुठल्या बाजूला हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नीट नव्हतं. त्यांनी समोरच्या उसाकडे तोंड करून हात जोडले.

“त्यास्नी जय भीम लिही माझा,” ते म्हणाले. “पर जूननंतर.”