सक्करदऱ्याच्या वळणावर सुटणारा गिअर

माझ्या तीन गिअरच्या सायकलीवर माझी बायको राहते, हे नागपुरातल्या साऱ्या महाल वस्तीला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं.

गोपिका देवाघरी गेल्यावर घरात बोलायला भिंती उरल्या, आणि त्या उलट बोलत नाहीत. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात सायकलीनं एक खोड धरली. सक्करदऱ्याच्या वळणावर हँडल उजवीकडे घेतलं की गिअर सुटायचा, पायडल फुकट फिरायचं, गाडी थांबायची. वळणाच्या तोंडाशीच वच्छलाची गल्ली. वच्छला म्हणजे गोपिकाची धाकटी बहीण. नत्थूजीच्या सायकल दुकानासमोरच्या चहाटपरीवर मी ठोकून दिलं, "गोपिका मागं कॅरिअरवर बसते. बहिणीचं घर आलं की चाक धरते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी कोणीतरी विचारायचंच, "काय नानाजी, आज वहिनी काय म्हणाल्या?" मग मी सुरू. रामटेकच्या चढावर तिनं स्वतः पहिला गिअर टाकला. सायकल गडावर पोचली, मी खालीच उभा! लोक हसायचे, बाकावर सरकून जागा द्यायचे.

एकदा त्याच वळणावर आपटलो. गुडघा फुटला. नत्थूजीनं सायकल हिसकूनच घेतली.

"राहू दे गा," मी म्हटलं.

"राहू दे म्हणजे? मरता काय नानाजी?" त्यानं हँडल वळवून पाहिलं, केबल उपसली आणि टपरीसमोर धरली. तारा पिंजलेल्या, दोन-चारच धड. "हे पाहा. वळवलं का केबल ताणते, पिंजलेला भाग नळीत अडकते. गिअर ना दुसऱ्यात, ना तिसऱ्यात. मधातच लटकते."

"म्हणजे वहिनी नव्हत्याच?" बाकावरचा धोंडबा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

नवी केबल पडली. दुसऱ्या दिवशी टपरीवर गुडघ्याची चौकशी झाली. वहिनींची कोणी केली नाही. त्यानंतरही नाही.

मग एका संध्याकाळी टपरीकडे गेलोच नाही. सक्करदऱ्याच्या वळणावर हँडल उजवीकडे घेतलं. गिअर घट्ट. गाडी मुकाट पुढं निघाली. मीच ब्रेक दाबला, उतरलो आणि वच्छलाचं दार वाजवलं. तिचा आवाज थेट गोपिकासारखा. म्हणून तर ती गेल्यापासून त्या गल्लीत पाय टाकला नव्हता.

"भाऊजी! आज काहून?"

"गिअर सुटला वं," मी ठोकून दिलं.

तिनं पाण्याचा गडवा दिला, समोर बसली.

"तुमची गोष्ट आली होती माझ्या कानावर. ताईले माझ्याकडेच यायचं होतं ना? मंग तिले रोज वळणापर्यंत आणून तुम्ही काहून परत नेत होते?"

मी पाणी पीत राहिलो. एखादी थाप सुचेल म्हणून हळूहळू प्यायलो. गडवा रिकामा झाला.

वच्छला उठून आत गेली. चुलीपाशी भांडी वाजली.

"जेवून जा," आतून आवाज आला.

तोच, गोपिकाचा. मी गडवा खाली ठेवला आणि हात धुवायला उठलो.