आखितीच्या दिवशी मी कढतच होतो

मी एक जुना उकिरडा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. पुणतांब्यात मुक्ताबाईंच्या गोठ्यामागे माझा खड्डा आहे. तो त्यांच्या सासऱ्यांनी खणला. गाई-शेळ्यांचं शेणमूत, उष्टा कडबा, चुलीची राख, सगळं माझ्या पोटात येतं. दिवाळीत बाई माझ्यावरही पणती ठेवतात. मधे शेतात रासायनिक खताची पोती येऊ लागली, तेव्हा मात्र माझ्यात नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पडत. मग बाईंनी सेंद्रिय शेतीचा नेम धरला आणि माझे दिवस पालटले.

पण मला स्वस्थता म्हणून नाही. शेण कुजताना आत धग उठते. मी खदखदतो, खचतो, वाफा सोडतो. कधी एकदा शेतात जातो, असं होतं.

या घरात शेणखताची पहिली गाडी अक्षय तृतीयेला, म्हणजे आखितीलाच निघते. गेल्या वर्षी मुहूर्तासाठी मला अर्धकच्चंच नेलं. मिरचीची रोपं पिवळी पडली. माझ्यातूनच गेलेल्या हुमणीच्या अळ्यांनी मुळं खाल्ली. तेव्हा बाईंचा मुलगा रविराज म्हणाला, "आई, पुढल्या साली असंच झालं तर मी पोती आननार."

यंदा आखितीला शेजारच्या रशीदचा ट्रॅक्टर दारात आला. त्यानं लोखंडी पहार माझ्यात खुपसली, जरा वेळानं उपसली आणि हात झटकला.

"मावशी, ह्याच्यावर भाकरी भाजंल! लई कढत हाय."

"मग मुहूर्त सोडायचा?" रविराज चिडला. "तूच म्हनतीस ना आई, नेम मोडायचा न्हाई?"

बाई माझ्या कडेला वाकल्या. मी आत तळमळत होतो. जायचं तर होतं, पण रोपं जाळायची नव्हती.

मग त्यांनी माझ्या कडेचं काळं, भुसभुशीत झालेलं खत उचललं, हुंगलं आणि एक पाटी भरली. "आज एवढीच. देवाला पोचली. बाकीचं पिकल्यावर."

"एका पाटीला ट्रॅक्टर व्हय, मावशी?"

"डोक्यावर नेते. तू आमरस खाऊन जा."

रविराज पुटपुटत राहिला. पण दुपारी त्यानंच मला खालीवर केलं, पाणी मारलं, वर उसाचं पाचट पसरलं. आता रोज सकाळी तो माझ्यात हात घालतो, पटकन मागे घेतो आणि पाचट सारखं करतो.

मित्रांनो, मला उन्हात उघडं टाकू नका, माझ्यात प्लॅस्टिक टाकू नका. मातीसारखा वास येईपर्यंत मला धरून ठेवा. जायची घाई माझी मला आवरत नाही. ती तुम्हीच आवरा.