घेवड्याची पानं कोणी मुरडली?

मुलांनो, थोडा वेळ असं समजा, की तुमच्या घरामागे एक अंगण आहे. रुंदीला बेताचंच, दोन खाटा शेजारीशेजारी टाकल्या तर मधून आडवं होऊन जावं लागेल एवढं. लांबीला मात्र आगगाडीच्या डब्यासारखं. आता सांगत जाईन तसं तुम्ही त्यात एकेक गोष्ट मांडत चला. मोरीचं पाणी नळीतून येऊन पडतं तो एक खोलगट खड्डा, आणि खड्ड्याच्या काठाने केळी. घरात कोणी अंघोळ केली की केळींची चंगळ. मधल्या वाफ्यांत मका, मक्याच्या अंगावर चढलेला घेवडा आणि त्याच्या शेजारी टोमॅटो. शेजारच्या कुंपणाला लागून भोपळ्याचा वेल. आणि माती? माती कुठेच दिसत नाही. तिच्यावर जुन्या खोक्यांचे पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर पाला, भुसा, कापलेलं गवत, असं जाड पांघरूण घातलेलं आहे.

मांडून झालं? मग त्या पांघरुणावर कमरेवर हात ठेवून एक मुलगी उभी करा, आणि तिच्या कपाळावर एक आठी घाला.

या मुलीला घरात फौजदार म्हणायचे. दुधाचं पातेलं अर्धवट रिकामं दिसलं, की आधी सगळ्यांचे ओठ तपासणारी ती. बाबांनी दुरुस्तीला आणलेला मिक्सर पुन्हा बिघडला, तर "शेवटचा हात कोणी लावला होता?" असं विचारणारीही तीच.

त्या सकाळी तिच्यासमोर खरोखरीचा गुन्हा घडलेला होता. घेवड्याची कोवळी पानं वाटीसारखी आत वळली होती. शेंडे पिळलेल्या फडक्यासारखे मुरडले होते. टोमॅटोची नवी पानं तर इतकी बारीक आणि वाकडी झाली होती, की ती टोमॅटोची आहेत हे सांगावं लागलं असतं. कीड नव्हती. बोट खुपसून पाहिलं तर पांघरुणाखाली माती छान ओली होती.

"आत्या, कोणीतरी काहीतरी केलंय," फौजदार म्हणाली.

आत्या उकिडवी बसली. तिने एक पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि हलकेच सोडून दिलं. फौजदारला तेच जास्त भीतीचं वाटलं.

कारण ते अंगण म्हणजे नुसती भाजी नव्हती. आत्या शिवणकामाच्या कारखान्यात होती. मग ती आजारी पडली, आजार लांबला आणि नोकरी सुटली. बरी झाल्यावरही ती दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. कुठूनसं तिच्या हातात पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या कलाने बाग पिकवण्याचं, एक पुस्तक आलं आणि एके सकाळी ती उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. पाणी कुठून येतं, ऊन कुठे पडतं, वारा कुठून घुसतो, हेच बरेच दिवस बघत राहिली. आई घाबरली होती. पण मग आत्याने कुदळ मागितली, आणि त्या दिवशी तिने स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

अंगण मात्र घरमालकीणबाईंचं होतं. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांना तिथे फरशी घालायची होती. "एक हंगाम देते," त्यांनी आत्याला सांगितलं होतं. "घेवडा तोडायला आला की बघायला येईन. काही निघालं तर ठीक, नाहीतर फरशी." आता घेवड्याला शेंगेऐवजी पीळ पडत होता.

फौजदारने तपास घरापासून सुरू केला.

"आई, मोरीत कुठला साबण वापरतेस?"

"तुला आंघोळ घालते तोच. तू वाळलीस का त्याने?"

"बाबा, तुम्ही मशीनचं तेल कुठे ओतता?"

"तुझ्या आत्याच्या धाकाने मी तेल बाटलीत भरून ठेवतो, बाई. या घरातून काही बाहेर टाकायची चोरी आहे."

ते मात्र खरं होतं. दुसऱ्याला नकोसं झालेलं सगळं आत्याला हवं असायचं. चहावाल्याकडचा चोथा, सुताराकडचा भुसा, शेजाऱ्यांच्या भाज्यांची सालं आणि न्हाव्याच्या दुकानातले केससुद्धा. ते केस पाहून आई म्हणाली होती, "आता टोमॅटो चिरताना कोणाची मिशी निघते ते बघायचं फक्त." हे सगळं एकचाकी गाडीतून ओढून आणायचं काम फौजदारकडे होतं. गल्लीत ती प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायची, "टाकून देण्यासारखं काही आहे?"

घर निर्दोष सुटल्यावर तिने कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे कातरकाका राहायचे. त्यांच्या घराभोवती हिरवळ होती, गालिच्यासारखी सपाट. काका हातात कातर घेऊन तिच्या कडा कापत बसायचे, म्हणून मुलांनी त्यांना हे नाव दिलेलं. आत्याच्या अंगणातला पाला उडून त्यांच्या हिरवळीवर पडायचा तेव्हा ते एकेक पान चिमटीत धरून परत इकडे टाकायचे. "तुमचं सामान पडलं होतं," असं वर म्हणायचे.

आणि फौजदारला आठवलं. काका पाठीवर पंप अडकवून, तोंडाला रुमाल बांधून फवारणी करत होते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

कपाळावरची आठी सुटली. संशयित सापडला होता.

तिने हे गल्लीतल्या किराणा दुकानात सांगितलं. दुकानवाल्या मावशींनी ते साखर घ्यायला आलेल्या दोघींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं, की कातरकाकांनी कुंपणावरून विष मारलं. काका आले की दुकानातली बोलणी बंद पडू लागली. मुलांचा चेंडू त्यांच्या हिरवळीवर गेला तर मुलं चेंडूवर पाणी सोडायची, पण आत पाऊल टाकायची नाहीत.

एकदा काकाच कुंपणापाशी आले. "काय फौजदार, माझ्या नावाने वॉरंट काढलंस म्हणे?"

ते हसत नव्हते. फौजदार केळीच्या मागे सरकली. त्या आठवड्यापासून काकांच्या फाटकाबाहेर तिच्या गाडीसाठी कापलेल्या गवताचं पोतं ठेवलेलं असायचं, तेही दिसेनासं झालं. 'बघा, अपराधी मन,' तिने स्वतःशी नोंद केली.

आत्याच्या कानावर हे जरा उशिराच गेलं. तिने फौजदारला हाताला धरून अंगणात आणलं.

"काकांना आपल्या बाजूला मारताना पाहिलंस?"

"त्यांच्याच बाजूला. पण वाऱ्याने आलं असेल."

"बरं. वाऱ्याने आलं तर आधी कोणाला लागेल?"

"कुंपणाजवळच्याला."

"तिथे कोण आहे?"

तिथे भोपळा होता, आणि तो मस्त पसरला होता. पानं हत्तीच्या कानासारखी, एकाही पानाला सुरकुती नाही. मुरडलेलं सगळं मधल्या वाफ्यांत होतं. तिथेही मका खुशाल ताठ उभा होता आणि त्याच्याच कमरेला धरून चढलेला घेवडा तेवढा वेडावाकडा झाला होता.

"काकांनी नेम धरून मारलं असेल," फौजदार पुटपुटली.

"मक्याला चुकवून? एवढा नेम असता तर ते सर्कशीत असते," आत्या म्हणाली. "मला संशय वेगळाच आहे. बाहेरून आत काय काय आलं, ते आपण कधी तपासलंच नाही. थांब, त्या वस्तूंनाच बोलायला लावू."

तिने जुने पत्र्याचे डबे काढले, बुडाला भोकं पाडली. सगळ्यांत भोपळ्याजवळची चांगली माती भरली. मग एकात चहाचा चोथा मिसळला, एकात भुसा, एकात केस, एकात पाला, एकात पोत्याच्या तळाशी उरलेलं गवत. एका डब्यात काहीच मिसळलं नाही. कारखान्यातून आणलेल्या रिळांतून तिने दोरे काढले आणि प्रत्येक डब्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. सगळ्यांत घेवड्याचं बी पेरून डबे खिडकीत एका रांगेत ठेवले.

"ओळखपरेड आहे का?" बाबांनी विचारलं.

"हसू नका," फौजदार म्हणाली. तिचा संशय आता न्हाव्यावर होता. केसांना लावायच्या कलपात काय काय असतं कोण जाणे. शाळेतून आली की ती दप्तरासकट खिडकीशी जायची. कोंब वर आले. पहिली जाड पानं सगळ्यांची सारखीच उघडली. चहावाला सुटला, सुतार सुटला असं वाटतंय तोवर सगळेच सुटायला लागले, आणि तिला वाटलं आत्याची परीक्षा फसली.

मग एका सुट्टीच्या सकाळी ती खिडकीशी गेली आणि तिथेच थांबली. न्हाव्याच्या डब्यातलं रोप सरळ होतं. हिरव्या दोऱ्याच्या डब्यात नवं पान उमलता उमलता वाटीसारखं वळलं होतं. शेंडा मुरडला होता.

हिरवा दोरा म्हणजे गवत.

तिने दोरा ओढून पाहिला, कोणी बदलला तर नाही ना. मातीचा वास घेऊन पाहिला. मग तिने आत्याला हाक मारली, आणि हाक मारतानाच तिला बाकीचं कळत गेलं.

आत्याने डबा हातात घेतला. "तण मारायच्या औषधाचं असंच असतं गं. काही औषधं रुंद पानाच्या रोपांना धरतात आणि गवताला सोडून देतात. म्हणून काकांच्या हिरवळीत एकही तण दिसत नाही. मका पण गवताच्याच कुळातला, म्हणून तो वाचला. भोपळ्याखाली आपण फक्त पाला घातला होता." ती उलट्या बादलीवर बसली. "काकांनी औषध मारलं ते त्यांच्या दारात. कापलेल्या गवताबरोबर ते आपणच आत आणलं."

'आपणच' असं आत्या म्हणाली, पण गाडी कोण ओढत होतं ते फौजदारला माहीत होतं. काकांच्या फाटकाशी जाऊन गवत तिनेच मागितलं होतं. "गल्लीतला सगळ्यात स्वच्छ माल," अशी फुशारकी मारत तिने ते मधल्या वाफ्यांत पसरलं होतं. काकांनी तेव्हापासून तिच्यासाठी पोतं बांधून ठेवायला सुरुवात केली होती. आईच्या साबणालाही न सोडणाऱ्या फौजदारने त्या पोत्याला एक प्रश्न विचारला नव्हता.

"मी पण नाही विचारलं," आत्या म्हणाली. "फुकट मिळतंय म्हटल्यावर मला तेवढंच दिसलं."

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज झाला. मालकीणबाई ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या. त्यांनी मुरडलेल्या घेवड्यावरून नजर फिरवली आणि नाक मुरडलं.

"हेच ते का? दुकानात ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "हे बघा, शेजाऱ्याने मुद्दाम विष घातलं असेल, तर त्यात तुमचा काय दोष? मी त्याला धारेवर धरते, आणि तुम्हाला पुढचाही हंगाम देते. पण तुमच्याच कचऱ्याने हे झालं असेल, तर उद्या फरशीवाल्याला बोलावते."

"बाई, त्याचं असं आहे—" आत्या उठली.

"तुम्ही नका बोलू. तुम्ही अंगणाच्या बाजूने बोलणार. पाहिलं हिने, तेव्हा सांगेल ही." मालकीणबाई फौजदारकडे वळल्या. "बोल गं. शेजाऱ्यानेच केलं ना?"

फौजदारने आत्याकडे पाहिलं. आत्याच्या नखांत माती होती. ती उभी होती, पण तिचा एक हात बादलीच्या काठाकडे जात होता, पुन्हा बसावं लागणार असल्यासारखा. एक 'हो' म्हटलं की झालं. गल्लीत सगळे तसंच म्हणत होते, आणि तसं म्हणायला तिनेच शिकवलं होतं.

कुंपणापलीकडे कातर चालू होती. कच्, कच्. मग ती थांबली. काका ऐकत होते की नाही, हे या बाजूने कळत नव्हतं.

"मालकीणबाई, जरा थांबा हं," फौजदार म्हणाली.

ती धावत आत गेली. खिडकीतले दोन डबे तिने उचलले, एक काहीच न मिसळलेला आणि एक हिरव्या दोऱ्याचा. भोपळ्याच्या वेलावर पाय पडणार नाही असं बघत ती कुंपणापाशी गेली, टाचा उंच केल्या आणि जेवढ्या मोठ्याने दुकानात बोलली होती त्याहून मोठ्याने तिने हाक मारली.

"काका! इकडे या. माझं चुकलं ते मला तुमच्यासमोर सांगायचंय."

पलीकडे कातर खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग कुंपणावर काकांचं डोकं दिसलं. डोळे बारीक करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या मालकीणबाईंकडे पाहिलं. "आता हे काय नवीन?" ते म्हणाले.

फौजदारने हिरव्या दोऱ्याचा डबा आधी त्यांच्या हातात दिला, मग दुसरा मालकीणबाईंच्या हातात ठेवला, आणि गाडी घेऊन ती पहिल्यांदा काकांच्या फाटकाशी गेली तिथपासून सांगायला तिने सुरुवात केली.